पुण्ण स्थविरांची पूर्वतयारी आणि महाडचा संयम

हिंसेला सामोरे जाण्याचे मनोधैर्य प्रसंग अंगावर कोसळल्यानंतर अकस्मात उत्पन्न होत नाही. ते अगोदर घडवावे लागते. ही गोष्ट पालि तिपिटकात ज्या स्पष्टपणे सांगितली आहे, तिच्याकडे आम्ही आपल्या उपासक-उपासिकांचे लक्ष वेधू इच्छितो. मज्झिमनिकायातील १४५ वे सुत्त ‘पुण्णोवाद सुत्त’ या नावाने प्रसिद्ध आहे. ज्या भूमीशी त्याचा संबंध जोडला जातो ती आपलीच पश्चिम किनारपट्टी होय, म्हणूनही त्याचे महत्त्व आपणास अधिक आहे.

भिक्खू पुण्ण तथागतांकडून संक्षिप्त उपदेश घेतात आणि सुनापरान्त जनपदात विहार करण्याचा मनोदय सांगतात. तथागत त्यांना लगेच निरोप देत नाहीत. तेथील लोक चण्ड व कठोर आहेत, याची ते प्रथम जाणीव देतात आणि मग एकेक प्रश्न विचारतात. त्यांनी शिवीगाळ केली तर तुझ्या मनात काय येईल? हाताने मारले तर? ढेकळांनी मारले तर? दंडाने? शस्त्राने? आणि अखेरीस, त्यांनी प्राणच घेतला तर? या सहा प्रश्नांना पुण्ण सहा उत्तरे देतात. जे घडले त्याहून अधिक वाईट घडले नाही, एवढे ते प्रत्येक वेळी ध्यानी घेतात आणि द्वेषाला मनात शिरू देत नाहीत. सहाव्या प्रश्नाला तर ते मृत्यूचेही भय न बाळगता उत्तर देतात. तेव्हा तथागत साधुवाद देतात आणि अशा दमाने व उपशमाने युक्त असलेला भिक्खू त्या जनपदात राहू शकेल, असे सांगून त्यांना अनुज्ञा देतात.

येथे दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली, तथागतांनी धोका लपविला नाही आणि सौम्यही केला नाही. दुसरी, त्यांनी पुण्णांना शब्दापासून शस्त्रापर्यंत पायरीपायरीने नेले. जो आघात मनाने एकदा पाहिलेला असतो, तो प्रत्यक्ष आला तरी माणूस गोंधळून जात नाही. भय आणि क्रोध या दोहोंनी बुद्धी झाकोळते. पूर्वतयारीने ती मोकळी राहते.

संस्कृत ‘दिव्यावदाना’तील पूर्णाच्या कथेत या तयारीची कसोटीही आली आहे. हा पूर्ण मूळचा शूर्पारकाचा, म्हणजे आजच्या सोपाऱ्याचा, व्यापारी. नव्या प्रदेशात एक व्याध मुंडित भिक्षूचे दर्शन अशुभ मानून त्याच्यावर धनुष्य रोखतो. पूर्ण पळत नाही, प्रतिप्रहारही करीत नाही. शांतपणे त्याला सामोरा जातो. त्या निर्भयतेने व्याधाचाच हात थांबतो आणि तो पुढे उपासक होतो. कथेचा अलंकार बाजूला ठेवला तरी या किनाऱ्यावर धम्म रुजला होता, याची साक्ष पुरातत्त्व देते. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये सोपाऱ्याचा स्तूप उकरला. तेथेच सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला आणि १९५६ मध्ये जवळच्या भुईगाव येथे नवव्या लेखाचा.

आता एक शंका उपस्थित होईल. मार निमूटपणे खाण्याचीच ही शिकवण नव्हे काय? शतकानुशतके ज्यांनी मारच खाल्ला, त्यांना तिचा उपयोग काय? शंका रास्त आहे. परंतु पुण्ण हे गृहत्यागी भिक्खू होते. लेकरेबाळे पाठीशी असलेल्या समाजाने सहाव्या उत्तरापर्यंत जावे, असा त्याचा अर्थ होत नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना तत्त्व आणि नियम यांतील भेद दाखविला आहे. अहिंसा हे तत्त्व होय. ते विवेकाने आचरावयाचे असते. विवेकासाठी मन ताब्यात हवे, आणि तेथेच पुण्णांचा धडा गृहस्थांच्याही कामी येतो.

त्याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून परिषदेचे प्रतिनिधी परतले. वीरेश्वराच्या मंदिरात शिरण्याचा त्यांचा बेत असल्याची अफवा गावात पसरविण्यात आली आणि लाठ्या घेतलेला जमाव मंडपातील, रस्त्यांवरील प्रतिनिधींवर तुटून पडला. स्त्रिया व मुलेही सुटली नाहीत. परिषदेला आलेल्यांत सैन्यातून निवृत्त झालेले लढवय्ये होते. हात उगारण्याची शक्ती होती, संतापही होता. डाक बंगल्यात असलेल्या बाबासाहेबांनी अधिकाऱ्यांना इतरांस आवरण्यास सांगितले, आपल्या माणसांना आवरण्याची हमी स्वतः घेतली आणि ती पाळली.

हा संयम दुर्बलांचा नव्हता, कारण त्यानंतर माघार झाली नाही. हल्लेखोरांवर खटला चालून काहींना सक्तमजुरीची शिक्षा झाली. ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. त्याच वर्षी डिसेंबरात लोक हजारोंनी पुन्हा महाडला आले. तळ्याचा दावा दहा वर्षे लढविण्यात आला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. त्या दिवशी मंडपात रक्तपात माजला असता, तर दोष कोणाच्या माथी मारला गेला असता, हे सांगणे नलगे.

आजही वस्त्यांवर हल्ले होतात. म्हणून आमचे निवेदन असे की, विहारात वंदना व ध्यानाबरोबर तथागतांची ही प्रश्नपद्धतीही चालवावी. जमाव चालून आला तर मुलांना व वृद्धांना कोठे न्यावे? अफवेची शहानिशा कोणी करावी? जखमींना कोणी न्यावे, फिर्याद कोणी द्यावी, साक्षीला कोणी टिकून राहावे? १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार पोलीस उपअधीक्षकाहून खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने तपास करावयाचा नसतो, हे किती जणांना ठाऊक आहे? प्रश्न अगोदर विचारलेले असतील तर उत्तरे प्रसंगी सुचतील. पुण्ण सुनापरान्ताला गेले आणि त्याच वर्षावासात त्यांनी पाचशे उपासक व पाचशे उपासिका धम्मात स्थिर केल्या, असे सुत्त सांगते. द्वेषाला मनात थारा न देणे आणि आपली जागा न सोडणे, ही दोन्ही एकाच साधनेची अंगे होत.