बंगळुरूतील निर्गमन, २०१२
ईशान्य भारतातून आलेल्या रहिवाशांनी मोबाईल व समाजमाध्यमांवरील अफवांमुळे ऑगस्ट २०१२ मध्ये बंगळुरूतून घाईने केलेले निर्गमन.

पार्श्वभूमी : जुलै २०१२ मध्ये आसामच्या कोक्राझार परिसरात हिंसाचार उसळला. त्याच्या निषेधार्थ मुंबईच्या आझाद मैदानावर ११ ऑगस्टला भरलेल्या सभेला हिंसक वळण लागले.

घटनाक्रम : आसाममधील हिंसाचाराचा सूड म्हणून ईद झाली की ईशान्येकडच्या लोकांवर हल्ले होणार, असे एसएमएस फिरले. १५ ऑगस्टच्या संध्याकाळपासून सुरक्षारक्षक, हॉटेल कामगार, विद्यार्थी सिटी स्थानकावर जमू लागले. रेल्वेला गुवाहाटीसाठी जादा गाड्या सोडाव्या लागल्या. अनेकांना गावाहून आईवडिलांचे ‘घरी ये’ असे फोन येत होते. राज्याचे गृहमंत्री आर. अशोक यांनी स्थानकावर जाऊन धीर दिला, पण आईच्या आवाजापुढे मंत्र्याचे आश्वासन तोकडे पडले. किती जण गेले याबाबत एकवाक्यता नाही. तीस हजारांच्या आसपासचा आकडा वारंवार दिला जातो. संदेशांत सांगितलेला हल्ला झाला नाही.

खोट्याची ओळख : त्या काळात म्यानमारमधील मुस्लिमांच्या हत्याकांडाचे म्हणून फिरलेले, प्रेतांच्या रांगांमध्ये उभ्या भिक्षूंचे एक छायाचित्र प्रत्यक्षात एप्रिल २०१० च्या युशू (चीन) भूकंपातील होते. चित्रावरून मूळ चित्र शोधण्याची सोय तेव्हाही होती.

शासकीय उपाय : केंद्राने १७ ऑगस्टला घाऊक एसएमएसवर १५ दिवसांची बंदी घातली, एका वेळी पाचच संदेश पाठवता येत. ही मर्यादा पुढे वीसवर नेली. १८ ते २१ ऑगस्टच्या आदेशांनी इंटरनेटवरील ३०९ नोंदी रोखल्या गेल्या. बंगळुरूच्याच ‘सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी’चे प्रणेश प्रकाश यांनी ही यादी तपासली, तेव्हा काही नोंदी संकेतस्थळाचे पत्ते नसून पानावर चित्र बसवण्याच्या संगणकीय खुणा निघाल्या. त्याहून गंभीर म्हणजे, अफवा खोडून काढणारे मजकूरही यादीत होते. घाईत आखलेल्या उपायाने उताराच अडवला, हे या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण मानावे लागेल. वर सांगितल्यासारखी खोटी चित्रे पाकिस्तानातून चढवली गेल्याचे भारताच्या गृहखात्याने म्हटले. पाकिस्तानने ते नाकारले.

परतणे : पुढील काही आठवड्यांत बरेच जण परतले.

नंतरच्या घटना : मुले पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवरील अफवेतून मे २०१८ मध्ये बंगळुरूच्या चामराजपेटेत राजस्थानातील एका तरुणाचा, तर १ जुलैला धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांचा जमावाने जीव घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली.