जॉश गिब्सन : कोऱ्या रकान्यांचा विक्रमवीर

अमेरिकेत कूपरस्टाउन या गावी बेसबॉलचे 'हॉल ऑफ फेम' आहे. तिथल्या जॉश गिब्सनच्या स्मृतिफलकावर त्याचे होमरन 'जवळजवळ ८००' म्हटले आहेत. मेजर लीगच्या अधिकृत नोंदीत ते दोनशेसुद्धा भरत नाहीत. खेळाडू एक आणि आकडे दोन! क्रिकेटच्या धावफलकावर वाढलेल्या मला या तफावतीनेच बेसबॉल शिकायला लावले.

गिब्सन जन्मला १९११ साली, जॉर्जिया राज्यात. वडिलांना पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यात काम मिळाले आणि कुटुंब तिकडे गेले. १९३० मध्ये तो 'होमस्टेड ग्रेज' संघात कॅचर, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा खेळाडू, म्हणून दाखल झाला. त्याच वर्षी जुळ्यांना जन्म देताना त्याची पत्नी हेलन वारली.

मेजर लीगची दारे कृष्णवर्णीयांना बंद होती. नियम कुठेही लिहिलेला नव्हता, पण पाळला सगळे जात. म्हणून कृष्णवर्णीयांनी स्वतःच्या 'नीग्रो लीग' उभ्या केल्या. त्यांचे हंगाम लहान असत. पोट भरायचे तर उरलेले दिवस बसने गावोगाव हिंडून स्थानिक संघांशी खेळावे लागे. फलकावरचे ८०० त्या सामन्यांसकट आहेत. अधिकृत मोजणीत फक्त लीगचे सामने येतात. त्यांचेही सगळे धावफलक छापले गेले नाहीत. जे छापले, ते मुख्यतः 'पिट्सबर्ग कुरियर', 'शिकागो डिफेन्डर' यांसारख्या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांत.

लॅरी लेस्टर, गॅरी अॅशविल यांच्यासारख्या संशोधकांनी वर्षानुवर्षे जुनी वृत्तपत्रे चाळून हे धावफलक एकेक करून जमवले. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीगने १९२० ते १९४८ या काळातल्या सात नीग्रो लीगना आपल्या बरोबरीचा दर्जा दिला आणि मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदीत घेतले. गिब्सनची कारकिर्दीची सरासरी .३७२ ठरली, म्हणजे दर हजार प्रयत्नांत ३७२ हिट. टाय कॉबचा .३६७ चा विक्रम मागे पडला. एका हंगामाचा विक्रमही त्याचाच : १९४३ मध्ये .४६६. त्याच वर्षाच्या आरंभी तो बेशुद्धावस्थेत रुग्णालयात होता!

आक्षेप घेतला जातो, की थोड्या सामन्यांची सरासरी फुगते. आक्षेप खोटा नाही. शिवाय हाती आलेल्या नोंदी सुमारे तीन-चतुर्थांशच आहेत. उरलेल्या सापडल्या तर.३७२ वर जाईल किंवा खालीही येईल. पण मग कॉब आणि बेब रूथ यांनाही लीगमध्ये एकाही कृष्णवर्णीय पिचरला तोंड द्यावे लागले नव्हते, हे त्यांच्या आकड्यांपुढे कोणी लिहिले? अपुरेपण दोन्हीकडे आहे. एकाचे दिसते, दुसऱ्याचे वर्षानुवर्षे पूर्णत्व म्हणून खपले.

२० जानेवारी १९४७ रोजी, वयाच्या ३५ व्या वर्षी, गिब्सन वारला. तीन महिन्यांच्या आत, १५ एप्रिलला, जॅकी रॉबिन्सन मेजर लीगच्या मैदानात उतरला. गिब्सनच्या थडग्यावर १९७५ पर्यंत नावाचा दगडही नव्हता.

कागद धुंडाळण्याचे मला कोणी शिकवले नाही. चुकत चुकत शिकलो. रकाना कोरा दिसला की तिथे शून्य धरायचे, ही माझी सुरुवातीची सवय होती. ती गिब्सनने मोडली.