तार, करार आणि वेस

महाबळेश्वरचे पठार इंग्रजांकडे आले ते लढाईने नव्हे, अदलाबदलीच्या कराराने. 1829मध्ये छत्रपती प्रतापसिंहांनी डोंगर दिला, मोबदल्यात वाईकडील खंडाळा घेतले, आणि गव्हर्नर माल्कम यांच्या नावाने पेठ वसली. दहाच वर्षांनी, 1839मध्ये, त्याच प्रतापसिंहांना पदच्युत करण्यात आले. गोव्याच्या पोर्तुगीजांशी गुप्त संधान बांधल्याचा आरोप त्यांच्यावर होता. आरोप खरा की रचलेला, हा वाद येथे बाजूला ठेवू. राज्याची वेस ओलांडणारा कागद गुन्ह्याचा पुरावा कसा होतो, हे साताऱ्याने तारयंत्र येण्यापूर्वीच पाहिले होते.

राजाची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनला गेले आणि 1853मध्ये परतले. तोवर पत्राला महिना-दीड महिना सहज लागे. 1857च्या धामधुमीत त्यांच्या मुलाला साताऱ्यात देहदंड झाला. रंगो बापूजी मात्र निसटले व अखेरपर्यंत सरकारला सापडले नाहीत. खांबांवर तारा चढल्या होत्या, पण माणूस शोधण्याचे काम अजून तारेला नीटसे जमत नव्हते!

देशातील तारखाते सरकारी होते; समुद्राखालच्या बहुतेक तारा मात्र कंपन्यांच्या. 1870मध्ये सुएझ-एडनमार्गे मुंबईस तार येऊन पोहोचली. कंपनीला किनारा हवा, सरकारला वेग हवा. 1885च्या तार कायद्याच्या पाचव्या कलमाने या व्यवहाराची खरी अट लिहून ठेवली: सार्वजनिक आणीबाणीत वा सुरक्षिततेसाठी परवानाधारकाची तार सरकार ताब्यात घेईल, संदेश अडवील, वाचील. ग्राहकाचा निरोप पोहोचवणे हा कंपनीचा धंदा. तो सरकारला दाखवणे ही परवान्याची किंमत. आमच्या मते आधुनिक पाळतीचा उगम हेरखात्यात शोधण्यापेक्षा या एका कलमात शोधावा.

वेशीवर तार काय करते, याचा उत्तम दाखला मार्सेय बंदराचा. सावरकरांना घेऊन ‘मोरिया’ जहाज 1 जुलै 1910 रोजी निघाले. त्याआधीच, 29 जूनला, लंडनच्या पोलिसांनी पॅरिसला पत्र धाडले होते. 4 जुलैला फ्रेंच गृहखात्याने मार्सेयच्या प्रीफेक्टला तार केली, की क्रांतिकारक या कैद्याला सोडवण्याचा प्रयत्न करतील, बंदोबस्त ठेवा. 8 जुलैच्या सकाळी सावरकरांनी उडी घेतली आणि किनारा गाठला. तेथील फ्रेंच शिपायानेच त्यांना धरून परत जहाजावर नेण्यास मदत केली. शिपायाला माणसाची ओळख नसावी, जहाजावरचा कोणी खलाशी पळाला असे त्याला वाटले असावे, अशीही बाजू हेगच्या लवादापुढे आली. 24 फेब्रुवारी 1911च्या निवाड्यात मात्र या पत्र-तारांचा अर्थ उलट लागला: दोन्ही पोलीसदलांत सहकार्य ठरलेले होते, म्हणून कैदी परत देण्याचे बंधन इंग्लंडवर नाही. शिपायाच्या हातून चूक झाली हे लवादानेही मान्य केले. पण चार दिवस आधीच्या तारेने त्या चुकीला सहकार्याचे रूप दिले होते. (ती तार कंपनीची नव्हे, फ्रेंच सरकारची होती, हेही नोंदवले पाहिजे.)

1914च्या सप्टेंबरात भारतप्रवेशाचा अध्यादेश निघाला; परदेशातून येणाऱ्याला अडकवून ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. तरीही तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे त्याच वर्षी अमेरिकेहून परतले, आणि वेशीवर नव्हे तर 1915च्या मार्चमध्ये मीरतला सापडले. पारपत्राचा कायदा आला 1920मध्ये.

पुढे मालकी बदलत गेली. 1932मध्ये तार व बिनतारी कंपन्या एक झाल्या, 1947च्या आरंभी सरकारने त्या घेतल्या, 1986मध्ये विदेश संचार निगम झाला, 2002मध्ये त्याचे नियंत्रण टाटा समूहाकडे गेले. पाचवे कलम या सर्व मालकांच्या काळात टिकले. 2023च्या दूरसंचार कायद्यातही तो अधिकार नव्या भाषेत आहे.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांना मात्र वेगळ्याच कराराला तोंड द्यावे लागते. 2018मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने कार्पेंटर खटल्यात ठरवले, की मोबाइल कंपनीकडून माणसाच्या फिरण्याची दीर्घ नोंद घ्यायची तर सर्वसाधारणपणे वॉरंट हवे. 2020मध्ये उघड झाले, की स्थलांतर व सीमा खाती मोबाइलमधील ॲपांतून गोळा झालेली स्थानमाहिती दलालांकडून विकत घेत होती. मागितली असती तर न्यायाधीशापुढे जावे लागले असते. विकत घेतल्यावर पावती पुरली.