जोदेल : विमानांचें एक धाकटें घराणें

उद्योगधंद्यांचा इतिहास लिहिणारे बहुधा धुराड्यांची उंची पाहून कारखान्याची थोरवी ठरवितात. हें माप सर्वत्र लागू पडत नाहीं, याचें फ्रान्समधील 'जोदेल' कंपनीइतकें बोलकें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

बर्गंडी प्रांतांतील बोन हें गांव द्राक्षासवासाठीं प्रसिद्ध. एदुआर जोली व त्यांचे जांवई जाँ देलेमोंतेझ यांनीं १९४६ सालीं ही कंपनी काढली. 'जो' सासऱ्यांचा, 'देल' जांवयांचें. आरंभींचें काम म्हणजे ग्लायडरांची डागडुजी. लांकूड, सरस व कापड यांचा सराव झालेल्या त्या हातांनीं पुढें एक लहानसें एकआसनी विमान घडविलें, आणि जानेवारी १९४८ मध्यें जोलींनीं तें स्वतः उडविलें. त्याचें नांव 'बेबे', म्हणजे तान्हें मूल.

घरीं विमान बांधण्याची हौस फ्रान्सला नवी नव्हती. आंरी मिन्ये यांच्या 'पू-द्यु-सिएल'नें १९३४ च्या सुमारास अनेकांस वेड लाविलें होतें. परंतु रचनेंतील दोषामुळें प्राणघातक अपघात घडले व तो उत्साह ओसरला. हौसेस शास्त्राचा आधार हवा, हा त्यांतील धडा. देलेमोंतेझ हे शिकलेले विमान-इंजिनियर. त्यांनीं पंखाचा मधला भाग सरळ व एकाच रुंदीचा ठेविला. त्यामुळें तेथील फांसळ्या एकाच सांच्यावर बेततां येतात. टोंकांकडील भाग निमुळते करून वर उचलले. त्यायोगें कललेलें विमान सांवरण्यास साहाय्य होतें. या सर्वांस आधार पेटीसारख्या एकाच अखंड लांकडी तुळईचा. कसबी सुतारास झेपावें असें हें काम.

हौशी मंडळींनीं व विमान-क्लबांनीं मिळून पांचशेंहून अधिक 'बेबे' बांधले. सरकारनें दोनआसनी विमान मागितलें. तें 'डी ११' १९५० सालीं उडालें, व इतर कारखान्यांनीं परवाने घेऊन त्याच्या आवृत्त्या काढल्या. १९५७ त पिएर रोबँ यांनीं दिजाँजवळ आपला कारखाना काढला. 'डीआर' या त्यांच्या विमानमालिकेंत देलेमोंतेझांचें आद्याक्षर रोबँच्या आधीं येतें. १९७२ च्या 'डीआर ४००' मध्येंही तोच वर वळलेला पंख दिसतो.

जोदेलनें विद्या फुकट वाटली, असें आम्ही म्हणत नाहीं. नकाशांचें मोल तिनें घेतलेंच. परंतु जो कारखाना गिऱ्हाइकालाच कारागीर करून सोडतो, त्याची गणना केवळ त्याच्या छपराखालीं तयार झालेल्या मालावरून करणें हा इतिहासाचा अन्याय होय.