लाओशी

चिनी भाषेच्या वर्गात पहिल्याच दिवशी तोंडात बसणारा शब्द म्हणजे 'लाओशी'. गुरुजी असोत वा बाई, आडनाव घ्यायचं आणि पुढे हा शब्द लावायचा: वांग लाओशी, ली लाओशी. 'लाओ'चा अर्थ म्हातारा. तरी पंचविशीतल्या बाईंनी रागावू नये, कारण इथला 'लाओ' वयाचा नाही, नुसता उपसर्ग आहे. वाघ 'लाओहू', उंदीर 'लाओशू', दुकानाचा मालक 'लाओपान'. हा मानाचा शब्द म्हणावा, तर उंदराला कसला मान?

खरी गंमत 'शी'त आहे. जुन्या कोरीव लेखांत या अक्षराचा अर्थ सैन्य. 'चौ ली' या ग्रंथात 2500 सैनिकांच्या तुकडीला 'शी' म्हटलंय, आणि लष्करातल्या डिव्हिजनला चिनीत आजही हाच शब्द आहे. त्याच अक्षराला पुढे गुरूचा अर्थ आला, मग कसबी माणसाचा. वकील 'ल्यूशी', तर आचारी, सुतार, टॅक्सीवाला यांना हाक मारायची ती 'शीफू'. आपल्या 'उस्ताद'चा प्रवासही वर्गापासून गॅरेजपर्यंत झालाच की.

याच अक्षरात एक सिंहही दडलाय. चीनमध्ये सिंह नव्हता. तो आला पश्चिमेकडून, आणि त्याचं नाव आधी गुरूच्याच 'शी'ने लिहीत. पाचव्या शतकातला प्रवासी फाहियान श्रीलंकेला 'शीत्झ-कुओ' म्हणतो, म्हणजे सिंहाचा देश. आपलं 'सिंहल' तेच. पुढे घोटाळा नको म्हणून अक्षराच्या डाव्या अंगाला कुत्र्याची खूण जोडली गेली आणि सिंह गुरूपासून वेगळा झाला. कानाला मात्र दोघं अजून एकच.

या 'शी'चा सगळ्यात खट्याळ उपयोग केला चाओ युआनरेन यांनी. 1892 साली थिएनचिनमध्ये जन्म, कॉर्नेलला गणित, हार्वर्डला तत्त्वज्ञान, आणि आयुष्यभराचं काम भाषेचं. शिवाय ते गाण्यांना चाली लावत, आणि 1922 साली त्यांनी 'ॲलिस इन वंडरलँड' चिनीत आणलं. शी आडनावाच्या एका कवीची सिंह खाण्याची गोष्ट त्यांनी रचली, ती सबंध 'शी' याच ध्वनीत, फक्त सूर बदलत. वाचली तर कळते, ऐकली तर डोकं धरावं लागतं.

1920 साली बर्ट्रांड रसेल चीनला गेले तेव्हा चाओ त्यांचे दुभाषे होते. छांग्शाला जाताना त्यांनी सोबतच्या माणसाकडून हूनानची बोली उचलली आणि तिथलं व्याख्यान त्याच बोलीत उलगडून सांगितलं. नंतर एक विद्यार्थी येऊन विचारतो, 'आपण हूनानमधल्या कुठल्या तालुक्यातले?'

अशा कानाचा माणूस शिकवायला बसला तर सांगणार काय? 1948 सालच्या 'मँडारिन प्रायमर'मध्ये त्यांचा आग्रह स्पष्ट आहे: सूर हा शब्दावर नंतर चढवायचा दागिना नव्हे, स्वर-व्यंजनांइतकाच तो शब्दाचा भाग आहे. 'लाओशी'च घ्या. 'शी' उंच आणि सपाट धरला तर शिक्षक. वरून खाली आदळला तर जुन्या वळणाचा. हलकेच सोडून दिला तर साधाभोळा, प्रामाणिक. (काही शिक्षकांना तिन्ही सूर लागू पडतात, ते सोडा.)

मराठी माणसाला सूर जड जातात, पण व्यंजनं आंदण मिळालेली आहेत. रोमन लिपीतला 'बी' चिनीत आपला 'प', आणि 'पी' म्हणजे ओठ मिटून काढलेला 'फ'. म्हणून राजधानी पेइचिंग, बेजिंग नव्हे. आणि हा 'शी' मुळात 'ष'कडे झुकतो, जीभ मागे वळवून म्हणायचा. 'ष' आपण शाळेतच टाकून दिला, तो इथे उपयोगी पडतो.

शिकण्याला चिनीत 'श्युएशी' म्हणतात. यातला दुसरा 'शी' अगदी वेगळा. त्याच्या जुन्या अक्षरात वर पिसं आहेत, आणि दुसऱ्या शतकातला कोशकार श्यू शन अर्थ देतो पुन्हापुन्हा उडणं. संस्कृतात 'अभ्यास' म्हणजेही पुनरावृत्तीच. मराठीत आपण त्याचं पुस्तक उघडून बसणं करून टाकलं.

तेव्हा चिनी शिकायला घेतलीत तर पहिले काही आठवडे अक्षरं गिरवण्यापेक्षा सूर घोका, तेही मोठ्याने. शेजारी हसले तर हसू द्यात.