टाय रॉड एंड

मोटारीची पुढची दोन चाके एकमेकांशी जोडणाऱ्या आडव्या दांडीच्या टोकाचा सांधा. जीपच्या वळणाच्या जुन्या पिकअपमध्ये पुढचा ॲक्सल सलग असून पाट्यांवर बसवलेला असतो. स्टिअरिंग बॉक्सखालचा आर्म हलला की ड्रॅग लिंक एक चाक वळवते आणि टाय रॉड ते वळण दुसऱ्या चाकाला पोचवतो. वळताना आतले चाक बाहेरच्यापेक्षा जास्त फिरावे, ही रचना मोटारीपेक्षा जुनी आहे. म्युनिकच्या लांकेनस्पेर्गरने ती घोडागाडीसाठी शोधली, 1818 मध्ये इंग्लंडात तिचे पेटंट रूडॉल्फ आकरमानने घेतले, आणि नाव त्याचेच चिकटले.

सांध्याच्या पोटात पोलादी बॉल असतो, तो वाटीत स्प्रिंगच्या दाबाने बसतो. भोवती ग्रीस आणि वर रबरी बूट. बॉलचा दांडा निमुळता असतो व आर्मच्या तशाच निमुळत्या भोकात रुतून बसतो. कॅसल नट त्याला ओढून धरतो आणि स्प्लिट पिन नटाला फिरू देत नाही. बूट फाटला की पावसाळ्यातले चिखलपाणी आत शिरते, ग्रीस धुऊन जाते, बॉल झिजतो आणि प्ले, म्हणजे सांध्यातला ढिलेपणा, सुरू होतो.

हा प्ले वर मोठा होऊन दिसतो. समजा बॉक्सखालचा आर्म 150 मिलिमीटरचा आणि बॉक्सचे गुणोत्तर 20:1 आहे. मग ड्रॅग लिंकच्या सांध्यातली 1 मिलिमीटर झीज स्टिअरिंगवर साडेसात अंशांच्या आसपास जाते. 40 सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंग चाकाच्या कडेला ती अडीच सेंटिमीटरहून जास्त भरते. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 98 नुसार स्टिअरिंगचा प्ले 30 अंशांपेक्षा जास्त नसावा; बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट-पिना पक्क्या अडकवलेल्या असाव्यात, हेही त्याच नियमात आहे. 30 अंश म्हणजे त्याच चाकावर जवळजवळ अर्धी वीत. चालवणाऱ्याला गाडी त्याच्या बरीच आधी नकोशी होते. टाय रॉडचा सांधा झिजला असेल तर स्टिअरिंगवर प्ले कमी जाणवतो, पण खड्ड्यातून बाहेर पडताना पुढची चाके थरथरतात आणि टायर एका कडेने खाल्ले जातात.

तपासणीला दोन माणसे लागतात. गाडी चाकांवरच उभी ठेवून एकाने स्टिअरिंग थोडेथोडे डावी-उजवीकडे हलवायचे. दुसऱ्याने खाली झोपून एकेक सांधा मुठीत धरून पाहायचा. दांडी हलते आणि आर्म उशिरा हलतो, तिथे दोष. डोळ्याला न दिसणारी खटखट तळहाताला कळते. चाक उचलून वर-खाली धरून हलवल्यावर प्ले सापडला, तर तो बहुधा बेअरिंगचा किंवा किंगपिनचा असतो.

हे न करता बॉक्सच्या माथ्यावरचा स्क्रू आवळणे, ही नेहमीची चूक. बॉक्स मध्यावर सर्वांत घट्ट असावा असाच घडवलेला असतो. जास्त आवळल्यास वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही, आणि सांध्याची झीज तशीच राहते. झिजलेला सांधा आवळून नीट होत नाही; अपवाद जुन्या विलीज जीपच्या ड्रॅग लिंकचा. तिच्या टोकाला आटे असलेले बूच असते. स्प्लिट पिन काढून ते पूर्ण आवळायचे, थोडे मागे घ्यायचे आणि नवी पिन घालायची. इतरत्र सांधा बदलावाच लागतो.

बदलताना पिन काढून नट थोडा सैल करतात, पण दांड्यावरच ठेवतात. मग भोक असलेल्या आर्मच्या बाजूवर हातोड्याचा जोरदार घाव घालतात. निमुळती पकड टणकन सुटते. नटावर ठोकले तर आटे मरतात. दांडीच्या एका टोकाचे आटे सरळ, दुसऱ्याचे उलटे असतात. जुना एंड किती फेऱ्यांत सुटला ते मोजून नवा तितक्याच फेऱ्या चढवतात. नट ठरलेल्या जोराने आवळल्यावर पिनेचे भोक जुळले नाही, तर नट आणखी आवळायचा, सैल करायचा नाही. वाकलेली पिन पुन्हा वापरत नाहीत. वेल्डिंगने तर सांधा दुरुस्त होतच नाही.

शेवटी टो-इन, म्हणजे पुढची चाके पुढून किती आत वळलेली आहेत ते, पाहतात. दोन्ही पुढच्या टायरांच्या मध्यावर खडूच्या खुणा करून, ॲक्सलच्या उंचीवर त्यांमधले अंतर आधी पुढून घेतात. मग गाडी ढकलून त्याच खुणा मागे आणतात आणि पुन्हा मोजतात. फरक गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याशी जुळेपर्यंत टाय रॉडची नळी फिरवतात, आणि क्लॅम्प आवळतात.