छातीचं दुखणं, पोटाची चौकशी

आमच्या धारूरला बालाघाटावरून थंड वारं सुटलं, की आजोबांचा दमा उसळायचा. मग गावातले वैद्यबुवा यायचे. नाडी धरायच्या आधी त्यांचा प्रश्न ठरलेला, "अण्णा, पोट साफ आहे का?" दुखणं छातीचं आणि चौकशी पोटाची, याचं मला तेव्हा हसू यायचं. पुढे जीवशास्त्र शिकवू लागलो, तेव्हा वाचनात आलं, की चरकसंहितेतही श्वासरोगाचा उगम पित्ताच्या स्थानी सांगितला आहे. बुवा परंपरेला धरूनच विचारत होते. पण परंपरेत आहे म्हणून गोष्ट सिद्ध होत नाही.

आधुनिक डॉक्टरांनाही आतड्याच्या जुनाट दाहाच्या रोग्यांत श्वासनलिकेचे विकार अधिक दिसत आले. पण दोन दुखणी एका घरात नांदली, म्हणजे एकानं दुसऱ्याला आणलं असं होत नाही. बिडी, चुलीचा धूर, घेतलेली औषधं, यांतलं कोणतंही दोन्हींच्या मुळाशी असू शकतं.

हा गुंता सोडवायची एक युक्ती 1986 साली मार्टिन काटान या डच शास्त्रज्ञानं 'लॅन्सेट'ला लिहिलेल्या पत्रात सुचवली. त्याचा प्रश्न कोलेस्टेरॉल आणि कर्करोगाचा होता. आईबापांकडून कोणता जनुक यायचा, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं जन्माआधीच ठरतं. पुढे माणूस बिडी ओढो वा न ओढो, ती चिठ्ठी बदलत नाही. तेव्हा आतड्याचा आजार वाढवणारे जनुक ज्यांच्या वाट्याला आले, त्यांच्यात फुप्फुसाचाही आजार जास्त दिसला, तर कारणाचा संशय बळावतो. मेंडेलच्या नावानं ओळखली जाणारी ही पद्धत आज लाखो लोकांच्या जनुकीय नोंदींवर वापरली जाते.

पण या युक्तीतही एक खाच आहे. ती समजायला मुंबईला जावं लागेल.

1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक अजब रक्तगट नोंदवला. 'ओ' गटाचं रक्तही त्या माणसांना चालेना. ए, बी, ओ या गटांचा पाया असलेला 'एच' हा पदार्थच त्यांच्या रक्तात नव्हता. जग या गटाला 'बॉम्बे' म्हणतं. पुढे 1990च्या दशकात उलगडलं, की अशा भारतीय माणसांत एफयूटी1 हा जनुक बिघडलेला असतो आणि त्याच्या शेजारचा एफयूटी2 चक्क गळालेला असतो.

हा एफयूटी2 आपल्या कामाचा. लाळेत, आतड्याच्या आणि श्वासनलिकेच्या चिकट स्रावात तो एक विशिष्ट साखर जोडतो. युरोपात साधारण पाचांतल्या एकाचा हा जनुक निकामी असतो. 2010 साली दिसलं, की अशांना आतड्याच्या क्रोन रोगाचा धोका थोडा जास्त. उलट 2017 साली ऑस्ट्रेलियात श्वासनलिका रुंदावलेल्या रोग्यांत दिसलं, की ज्यांचा हा जनुक निकामी, त्यांचीच फुप्फुसं जास्त बरी! पोटात तोटा, छातीत फायदा. एकच जनुक दोन्हीकडे आपापलं काम करतो. अशा वेळी पोटाच्या दुखण्यानं छाती सांभाळली, असं म्हणणं चुकीचं ठरेल. खाच ती हीच.

दुसरी अडचण आपल्या दारातली आहे. ब्रिटनच्या 'यूके बायोबँके'त 5 लाख माणसांच्या नोंदी आहेत, पण त्यातले बहुतेक युरोपीय वंशाचे. क्रोन रोगाशी जोडलेला पहिला जनुक 2001 साली सापडला. त्यातले युरोपात धोका वाढवणारे बदल भारतीय रोग्यांत जवळजवळ आढळत नाहीत. मग दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन बाहेर पडणाऱ्या आमच्या धारूरच्या ऊसतोड कामगाराच्या खोकल्याचं आणि पोटदुखीचं उत्तर लंडनच्या यादीत कसं सापडायचं? 'जीनोम इंडिया'नं सुमारे 10 हजार भारतीयांच्या जनुकांची माहिती गोळा केली आणि जानेवारी 2025मध्ये ती संशोधकांना खुली झाली. सुरुवात चांगली आहे. पण एवढ्या मोठ्या देशाला 10 हजार म्हणजे ओंजळभरच.

उद्या तुमच्या गावात कुणी अशा कामासाठी रक्ताचा नमुना मागायला आलं, तर कशासाठी हवा, नोंद कुठे राहणार, हे खडसावून विचारा. उत्तर पटलं, तर मात्र हात पुढे करा. वैद्यबुवांचा प्रश्न योग्य होता. त्याचं उत्तर आपल्याच माणसांच्या रक्तात शोधावं लागेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)